चंदन आणि रक्तचंदन: दोन झाडांची तुलना पायरीपायरीने

पुण्यात झाडं ओळखायला शिकणाऱ्यांची संख्या वाढते आहे. रविवारी सकाळी टेकडीवर वह्या आणि मोबाइल घेऊन फिरणारे गट हमखास दिसतात. सुरुवातीला सगळा भर नावं पाठ करण्यावर असतो. पन्नासेक झाडं ओळखू यायला लागली की प्रश्न बदलतात. हे झाड कुठल्या घराण्यातलं? मूळचं कुठलं? रानात ते टिकून आहे की संपत चाललंय? या तीन प्रश्नांची उत्तरं शोधायची रीत एकदा अंगवळणी पडली की ती कुठल्याही झाडाला लावता येते. आणि ती शिकायची असेल तर एका झाडापेक्षा दोन झाडं शेजारीशेजारी ठेवून शिकावी. फरक दिसला की लक्षात राहतो.

इथे मी चंदन आणि रक्तचंदन ही जोडी घेतली आहे. मराठी घरांत दोन्ही पोचलेली आहेत. देवघरात सहाणेवर चंदनाचं खोड असतं, आणि मुका मार लागला, सूज आली की उगाळून लावायला कपाटात रक्तचंदनाची बाहुली असते. लाकूड हाताळलेलं असतं, झाड मात्र बहुतेकांनी पाहिलेलं नसतं. नावं इतकी जवळची की एकाच झाडाच्या या दोन जाती असाव्यात, एक पिवळट आणि एक लाल, असं सहज वाटतं. पण ही दोन झाडं एकमेकांपासून फार लांबची आहेत. दोन्ही जागतिक पातळीवर धोक्यात आहेत, मात्र दोघांवरचं संकट वेगवेगळ्या वाटेने आलेलं आहे. तुलना करताना हेच पकडायचं आहे: 'धोक्यात' हा शिक्का दोघांवर असला तरी त्यामागची गोष्ट एक नसते.

पायरी १: नाव पक्कं करा

मराठी नावापासून सुरुवात करा, पण तिथे थांबू नका. चंदनाचं शास्त्रीय नाव सँटलम आल्बम. कार्ल लिनियसने १७५३ साली ते दिलं. रक्तचंदन म्हणजे टेरोकार्पस सँटॅलिनस. हे नाव लिनियसच्या मुलाने दिलं. शास्त्रीय नावाचा पहिला शब्द प्रजाती, म्हणजे जवळच्या जातींचा गट सांगतो, दुसऱ्यासह मिळून जाती ठरते. दोन झाडांचे पहिलेच शब्द वेगळे निघाले की ती एकाच प्रजातीतली नाहीत, एवढं तिथल्या तिथे कळतं. एक पान न पाहता अर्धा गैरसमज गेला.

आता पुण्यातली अडचण. इथे 'रक्तचंदन' म्हणून तिसरंच एक झाड दाखवलं जातं: रतनगुंज, शास्त्रीय नाव ॲडेनँथेरा पॅव्होनिना. रस्त्याकडेला, बागांमध्ये ते लावलेलं असतं. शेंगा वाळल्या की पिळवटतात आणि त्यांतून लालभडक, चकचकीत बिया खाली पडतात. मुलं त्या गोळा करतात. लाकूडही लालसर असतं, त्यामुळे लाल चंदन हे नाव त्याला बऱ्याच ठिकाणी चिकटलं आहे. रोपवाटिकेत रक्तचंदन मागितलं आणि बारीक बारीक पर्णिकांची (पर्णिका म्हणजे संयुक्त पानाचा एकेक छोटा भाग), दोनदा विभागलेली पानं असलेलं रोप हातात आलं, तर ते रक्तचंदन नाही. खऱ्या रक्तचंदनाच्या पानाला बहुधा तीनच पर्णिका असतात, आणि त्या चांगल्या रुंद, गोलसर असतात.

म्हणून वहीच्या पहिल्या ओळीत मराठी नाव, शास्त्रीय नाव आणि 'हे झाड कशाशी गोंधळतं' अशा तीन गोष्टी लिहा. तिसरी गोष्ट फार जण लिहीत नाहीत. माझ्या मते सर्वांत उपयोगी तीच.

पायरी २: घराणं शोधा

शास्त्रीय नाव हाती आलं की कुळ (जवळच्या प्रजातींचा गट) आणि गण (जवळच्या कुळांचा मोठा गट) शोधायचे. लंडनमधल्या क्यू इथल्या वनस्पती उद्यानाचं 'प्लांट्स ऑफ द वर्ल्ड ऑनलाइन' हे संकेतस्थळ आणि आपल्याकडचं 'इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टल' ही दोन ठिकाणं नवख्यांना पुरेशी आहेत. नाव टाका, कुळ समोर येतं.

चंदनाचं कुळ सँटलेसी, गण सँटलेलीस. रक्तचंदनाचं कुळ फॅबेसी, म्हणजे आपलं शेंगांचं, शिंबावंत कुळ, गण फॅबेलीस. दोन्ही द्विदल आहेत, पण त्या मोठ्या छत्राखाली त्यांच्या शाखा फार पूर्वीच वेगळ्या झाल्या आहेत.

नुसती ही नावं लिहून ठेवली तर दोन दिवसांत विसरतात. त्याऐवजी प्रत्येक झाडाचे ओळखीचे नातेवाईक शोधा. चंदनाच्या गणात कोण आहे? बांडगूळ. आंब्याच्या फांदीवर वाढणारं, लांबट नळीसारखी फुलं येणारं बांडगूळ तुम्ही पाहिलंच असेल. थेट चंदनाच्या कुळातलं लोटल हे झुडूप आपल्या सह्याद्रीच्या डोंगरांवर आहे. या सगळ्या मंडळींत एक खोड समान आहे: दुसऱ्या झाडाकडून घेण्याची. चंदनही अर्धपरोपजीवी आहे. त्याची पानं हिरवी असतात, स्वतःचं अन्न ते स्वतः तयार करतं. पण त्याची मुळं आसपासच्या झाडांच्या मुळांना चिकटून तिथून पाणी आणि क्षार ओढून घेतात. या चिकटणाऱ्या अवयवाला शोषकमूळ म्हणतात. तूर, करंज, सुरू अशा शेकडो वनस्पती चंदनाच्या यजमान म्हणून नोंदल्या गेल्या आहेत. घराणं कळलं आणि झाडाच्या जगण्याची रीतही कळली. वर्गीकरण कशासाठी शिकायचं, याचं यापेक्षा चांगलं उत्तर माझ्याकडे नाही.

रक्तचंदनाचे नातेवाईक आणखी घरचे. त्याच्या प्रजातीतला सख्खा भाऊ म्हणजे बिवळा, टेरोकार्पस मार्सुपियम, आपल्या पानझडी जंगलातलं झाड. सालीवर घाव घातला की लाल डिंक वाहतो तो हाच. शिसव त्याच गोतावळ्यातलं. आणि भुईमूगसुद्धा! फॅबेसी कुळाच्या आत डॅल्बर्जी नावाचा जो गट आहे, त्यात शिसव, बिवळा, रक्तचंदन आणि भुईमूग एकत्र बसतात. एवढी मोठी झाडं आणि हातभर उंचीचं शेतातलं पीक एका गटात कसे, असं वाटलं तर भुईमुगाचं पिवळं फूल जवळून पाहा. पतंगासारखी तीच ठेवण रक्तचंदनाच्या फुलात असते.

पायरी ३: झाडासमोर उभे राहा

चंदन पुण्यात भरपूर आहे. टेकड्यांच्या उतारांवर, जुन्या बंगल्यांच्या आवारात, मोठ्या संस्थांच्या मोकळ्या जागेत ते आपसूक उगवतं. नेमक्या जागा मी लिहीत नाही. कारण पुढे येईलच.

पान आधी पाहा. चंदनाची पानं साधी, समोरासमोर, अंडाकृती आणि टोकाला निमुळती असतात. वरून तुकतुकीत, खालून फिकी. फांद्या बारीक आणि जरा खाली झुकलेल्या. झाड सदाहरित असलं तरी भरगच्च दिसत नाही. फुलं इतकी लहान की जवळ गेल्याशिवाय दिसत नाहीत: आधी पिवळट, मग विटकरी-जांभळट. फळ करवंदाहून लहान, गोल, पिकल्यावर काळं-जांभळं, आणि टोकाला एक गोल कंगोरा. बुलबुल आणि कोकीळ ही फळं खातात आणि बिया दूरवर टाकतात. बुलबुल बसतात त्या कुंपणाखाली चंदनाची रोपं दिसतात ती त्यामुळेच.

इथे बहुतेकांचा हिरमोड होतो, म्हणून आधीच सांगतो. चंदनाच्या झाडाला वास येत नाही. पान चुरगळा, फूल हुंगा, साल खरवडा, काहीच नाही. वास असतो तो खोडाच्या आतल्या गाभ्यात आणि मुळांत. बाहेरचं पांढरं लाकूडही बिनवासाचं. गाभा धरायला सुरुवात व्हायलाच साधारण दहा-पंधरा वर्षं लागतात, आणि भरपूर तेलाचा गाभा हवा असेल तर तीस वर्षांच्या आसपास वाट पाहावी लागते. वास येतो तो सँटॅलॉल नावाच्या घटकामुळे. त्यामुळे चंदनाच्या सुगंधाने झाडाला नाग विळखा घालून बसतात, ही ऐकीव गोष्ट बाजूला ठेवा. जिवंत झाड दुरून कुणालाच घमघमत नाही.

रक्तचंदन पुण्याच्या रानात मिळणार नाही. कुणी हौसेने लावलेलं सापडलं तर ते लागवडीचं. पण ओळखायचं कसं हे माहीत असू द्या. साल काळपट, खोल भेगांनी चौकोनी तुकड्यांत फाटलेली, मगरीच्या पाठीसारखी. पान संयुक्त, बहुधा तीन पर्णिकांचं, कधी पाच. उन्हाळ्यात पानं गळतात. फुलं पिवळी आणि सुगंधी, उन्हाळ्यातच येतात. शेंग पाहिली तर पुन्हा चुकणार नाही: चपटी, गोल, मधे बी आणि भोवती पापडासारखा पातळ पंख. बिवळ्याची शेंगही याच घडणीची असते, म्हणून आधी जंगलात बिवळा पाहून घेतला तर रक्तचंदन समजायला सोपं जातं.

लाकडाचा फरक घरीच पाहता येतो. चंदन उगाळलं की पिवळसर गंध आणि दरवळ. रक्तचंदन उगाळलं की गडद लाल लेप आणि वास जवळपास नाहीच. तो रंग सँटॅलिन या रंगद्रव्याचा. कापड आणि खाद्यपदार्थ रंगवायलाही तो वापरला जातो. रक्तचंदनाचा गाभा इतका घट्ट असतो की पाण्यात टाकला तर बुडतो.

पुण्यातल्या नवख्यांसाठी आणखी एक सोय आहे, तिचा फायदा घ्यावा. कोरेगाव रस्त्यावर भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेचं पश्चिम क्षेत्रीय केंद्र आहे, १९५५ मध्ये स्थापन झालेलं. आघारकर संशोधन संस्थाही शहरातच आहे. दोन्हीकडे वाळवून कागदावर चिकटवलेल्या वनस्पतींचे संग्रह आहेत. आधी लिहून परवानगी मागावी, अभ्यासाचं कारण सांगावं. एका कागदावर पान, फूल, फळ, गोळा केल्याची जागा आणि तारीख असं सगळं एकत्र पाहिलं की पुढच्या पायरीला नुसता नकाशा पाहण्यापेक्षा जास्त अर्थ येतो.

पायरी ४: मूळ घर कुठलं, ते ठरवा

इथे दोन झाडांमधला फरक सर्वांत ठळक दिसतो.

रक्तचंदनाचं घर छोटं आहे. पूर्व घाटाचा दक्षिण भाग, म्हणजे आंध्र प्रदेशातल्या शेषाचलम, पालकोंडा, वेलिगोंडा, लंकामल्ला या डोंगररांगा. कडप्पा, चित्तूर, नेल्लोर या जिल्ह्यांत ते मुख्यतः वाढतं, आणि लगतच्या तमिळनाडू-कर्नाटकात तुरळक. खडकाळ, कोरडी, गारगोटीची जमीन त्याला मानवते. जगात दुसरीकडे कुठेही ते नैसर्गिकपणे वाढत नाही. अशा जातीला प्रदेशनिष्ठ म्हणतात. तिरुपतीला गेलेल्या पुणेकरांनी तिरुमलाचा घाट चढताना जे डोंगर पाहिले, ते शेषाचलमच. २०१० मध्ये शेषाचलमला जीवावरण राखीव क्षेत्राचा दर्जा मिळाला.

चंदनाचं चित्र वेगळं आणि गुंतागुंतीचं आहे. भारतात कर्नाटक आणि तमिळनाडू ही त्याची मुख्य राज्यं. केरळात इडुक्की जिल्ह्यातलं मरयूर त्याच्या नैसर्गिक जंगलासाठी प्रसिद्ध आहे. आंध्र, महाराष्ट्र आणि इतर राज्यांतही ते पसरलेलं आहे. पण भारताबाहेर इंडोनेशियाच्या तिमोर, सुंबा या बेटांवर आणि उत्तर ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यालगतही ते आहे. मग मूळचं कुठलं? काही वनस्पतिशास्त्रज्ञांच्या मते ते आग्नेयेकडच्या बेटांवरून फार प्राचीन काळी व्यापाराबरोबर भारतात आलं. दुसरा पक्ष म्हणतो, ते दख्खनचंच. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात चंदनाच्या निरनिराळ्या प्रकारांची यादी आहे, एवढा जुना त्याचा इथला वावर. वेगवेगळ्या संकेतस्थळांवर चंदनाचे नकाशे जुळत नाहीत ते या वादामुळे.

असं झालं की नवख्या माणसाने काय करायचं? एक नकाशा खरा आणि दुसरा खोटा असं ठरवू नये. वहीत 'निश्चित नैसर्गिक', 'नैसर्गिक की आणलेलं यावर मतभेद' आणि 'लागवड' असे तीन रकाने करा. चंदनासाठी तिमोर पहिल्या रकान्यात, भारत दुसऱ्यात, आणि पश्चिम ऑस्ट्रेलियात कुनुनुराजवळ उभ्या केलेल्या मोठ्या बागा तिसऱ्यात. ऑस्ट्रेलियात सँटलम स्पायकेटम ही चंदनाची वेगळी, तिथली स्वतःची जातही आहे. दुकानातलं 'ऑस्ट्रेलियन चंदन' बहुधा तेच असतं. ते या तुलनेत मिसळू देऊ नका.

पायरी ५: धोक्याची पातळी वाचायला शिका

जगभरातल्या जातींची संकटाची पातळी आययूसीएन ही संस्था ठरवते आणि लाल यादीत प्रसिद्ध करते. ही यादी मोफत पाहता येते. शास्त्रीय नाव टाकलं की एक पान उघडतं. बहुतेक जण रंगीत गोलातली इंग्रजी अक्षरं पाहून परत येतात. तसं करू नका. त्या पानावर तीन गोष्टी वाचायच्या: वर्ग, निकष आणि मूल्यांकनाचं वर्ष.

वर्ग असे चढत जातात. 'लीस्ट कन्सर्न' म्हणजे सध्या चिंता नाही. 'निअर थ्रेटन्ड' म्हणजे संकटाच्या उंबरठ्यावर. मग 'व्हल्नरेबल', असुरक्षित, 'एन्डेंजर्ड', संकटग्रस्त, 'क्रिटिकली एन्डेंजर्ड', अतिसंकटग्रस्त. त्यापुढे फक्त लागवडीत किंवा संग्रहात उरलेली आणि नामशेष झालेली.

चंदन १९९८ मध्ये असुरक्षित ठरलं, आणि २०१९ च्या मूल्यांकनातही असुरक्षितच राहिलं. रक्तचंदनाचा प्रवास वरखाली झाला: १९९८ मध्ये संकटग्रस्त, २०१८ मध्ये संकटाच्या उंबरठ्यावर, आणि २०२१ च्या नोंदीत पुन्हा संकटग्रस्त. वर्ष का पाहायचं ते यावरून कळावं. २०१९ साली कुणी लिहिलेला लेख आज वाचला तर रक्तचंदन जवळजवळ सावरलंय असा समज होईल.

आता निकष. पुण्यातल्या प्रत्येक नवख्या गटात एक प्रश्न येतोच: चंदन तर आमच्या सोसायटीच्या कंपाउंडला आपोआप उगवतं, मग ते असुरक्षित कसं? प्रश्न रास्त आहे. उत्तर असं, की लाल यादी नुसती झाडं मोजत नाही. तिचे पाच निकष आहेत, त्यांतला पहिला घटीचा. मागच्या तीन पिढ्यांत जातीची संख्या ३० टक्के किंवा त्याहून जास्त घटली आणि घटीचं कारण अजून थांबलेलं नसेल, तर ती असुरक्षित. ५० टक्के घटली तर संकटग्रस्त, ८० टक्के घटली तर अतिसंकटग्रस्त. पिढी म्हणजे वर्ष नव्हे. झाडाला फळून पुढचं झाड उभं करायला लागणारा सरासरी काळ. झाडांच्या बाबतीत तीन पिढ्या म्हणजे अनेक दशकं. चंदन याच घटीच्या निकषावर यादीत आहे, आणि कारण म्हणून तोड नोंदलेली आहे. गाभा धरलेली, मोठी, भरपूर बी देणारी झाडं तोडली जातात, आणि आपल्याला दिसतात ती मनगटाएवढी कोवळी झाडं. बुलबुलांनी पेरलेली रोपं खूप आहेत, पण वाढून मोठी होईपर्यंत टिकणारी थोडी. विस्तार मोठा, पण आतून पोकळ होत गेलेला.

रक्तचंदनाचं संकट दुसऱ्या प्रकारचं. घरच लहान, आणि त्या घरावर सगळ्या जगाचा डोळा. जपानमध्ये शामिसेन या तंतुवाद्याच्या दांड्यासाठी, चीनमध्ये उंची फर्निचरसाठी या लाकडाला मागणी आहे. लहरदार रेषांच्या लाकडाला तर फारच भाव. शेषाचलममधून चोरून तोडलेले ओंडके बंदरांपर्यंत पोचतात. आपल्या न्हावाशेवा बंदरावर रक्तचंदन पकडल्याच्या बातम्या वेळोवेळी येतात. यात माणसंही मरतात. एप्रिल २०१५ मध्ये शेषाचलमच्या जंगलात पोलिसांच्या गोळीबारात २० संशयित लाकूडतोडे ठार झाले. त्यांतले बहुतेक तमिळनाडूतले होते. लाल यादीतल्या एका शब्दामागे एवढं सगळं असतं, हे नवख्यांनी पहिल्यापासून लक्षात ठेवावं असं मला मनापासून वाटतं.

चंदनाच्या बाबतीत आणखी दोन गोष्टी नोंदवा. एक रोग: चंदनाला 'स्पाइक' नावाचा रोग होतो, पानं आखूड होत जाऊन काट्यासारखी ताठ उभी राहतात आणि झाड काही वर्षांत मरतं. फायटोप्लाझ्मा हा अतिसूक्ष्म जीव त्याला कारणीभूत आहे. १८९९ मध्ये कूर्ग भागात हा रोग पहिल्यांदा नोंदला गेला. दुसरी गोष्ट मालकीची. १७९२ मध्ये टिपू सुलतानाने चंदनाला राजवृक्ष ठरवल्याचं सांगितलं जातं, आणि नंतरही दीर्घ काळ दक्षिणेत चंदन कुणाच्याही जमिनीवर असलं तरी सरकारचंच मानलं गेलं. स्वतःच्या शेतातलं झाड आपलं नसेल तर शेतकरी ते वाढवेल कशाला? कर्नाटकाने २००१ मध्ये आणि तमिळनाडूने २००२ मध्ये कायदे बदलून जमीनमालकाला हक्क दिला, त्यानंतरच खासगी लागवड वाढायला लागली.

पायरी ६: यादी वेगळी, कायदा वेगळा

लाल यादी हा अभ्यास आहे; तिने कुणाला शिक्षा होत नाही. कायद्याचा रकाना वहीत वेगळा ठेवा.

आंतरराष्ट्रीय व्यापारावर साइट्स हा करार नियंत्रण ठेवतो. रक्तचंदन १९९५ पासून त्याच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे, म्हणजे परवान्याशिवाय ते देशाबाहेर जाऊ शकत नाही. जंगली झाडांच्या लाकडाच्या निर्यातीला भारताने बंदीच घातली आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये साइट्सच्या स्थायी समितीने रक्तचंदनाच्या बाबतीत भारतावर २००४ पासून ठेवलेली विशेष देखरेख उठवली; लागवड करणाऱ्या शेतकऱ्यांसाठी ती मोठी गोष्ट होती.

महाराष्ट्रात चंदन हे १९६४ च्या झाडतोड नियमन कायद्याच्या अनुसूचीत आहे. झाड तुमच्या शेतातलं असलं तरी परवानगीशिवाय तोडता येत नाही, आणि लाकूड हलवायला वाहतूक परवाना लागतो. पुणे शहरात १९७५ चा नागरी क्षेत्रासाठीचा वृक्ष कायदा लागू होतो आणि परवानगी महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाकडून घ्यावी लागते. सोसायटीतलं चंदनाचं झाड 'चोर येतात, नको ती कटकट' म्हणून परस्पर कापणं हाही गुन्हाच आहे.

पायरी ७: नोंद करा, पण जागा जपा

आता त्या न लिहिलेल्या जागांचं कारण. पुण्यात चंदनचोरी नवी नाही. रात्री करवतीने खोड कापून नेतात. गाभा आहे की नाही हे पाहायला आधी भोक पाडतात, आणि गाभा न धरलेलं झाडही त्यात जातं. म्हणून चंदनाचा फोटो टाकताना ठिकाण लिहू नका. मोबाइलमधलं लोकेशन बंद करा. व्हॉट्सॲप गटावर 'अमुक बंगल्यामागे जाडजूड चंदन सापडलं' असा मेसेज उत्साहात जातो आणि मग तो कुठवर जाईल यावर आपला ताबा राहत नाही. आयनॅचरलिस्टसारख्या संकेतस्थळावर धोक्यातल्या जातींची अचूक जागा आपोआप पुसट केली जाते, तरीही नोंद करताना स्वतः 'ऑब्स्क्युअर्ड' हा पर्याय निवडा. फोटोच्या कोपऱ्यात इमारतीची पाटी आली नाही ना, तेही पाहा.

नमुना हवा असेल तर खाली पडलेलं पान, फळ उचला. फांदी तोडायची गरज नाही.

पायरी ८: लावायचं मनात आलं तर

तुलना पूर्ण झाली की लावायची इच्छा होतेच. चंदनासाठी यजमान हवा. कुंडीत रोप असेल तर त्याच कुंडीत तुरीचे दोन-तीन दाणे पेरा. तूर फार उंच झाली तर छाटत राहा, उपटू नका, कारण चंदनाची मुळं तिला धरून असतात. जमिनीत लावताना जवळपास करंज किंवा दुसरं टिकाऊ झाड असावं, तूर वर्षा-दोन वर्षांत संपते. पाणी साचणाऱ्या जागी चंदन जगत नाही. सोसायटीत लावलंत तर पहिल्या दिवसापासून वृक्षनोंदीत घाला, म्हणजे पुढे झाड गेलं तर ते होतं याचा कागद राहील.

रक्तचंदन पुण्यात लावता येतं, जगतंही. पण ते इथे लावल्याने शेषाचलमच्या जंगलाला आधार मिळतो असं मी मानत नाही. प्रदेशनिष्ठ झाडाचं संवर्धन त्याच्या स्वतःच्या डोंगरावर होतं. तुमच्याकडे एक खड्डा आणि वीस वर्षांचा धीर असेल तर त्याचा भाऊ बिवळा लावा. तो या मातीतला आहे. रोप घेताना पान पाहा: बिवळ्याला बहुधा पाच ते सात पर्णिका असतात, आणि एका पानावर विश्वास न ठेवता चार-पाच पानं मोजा.